बंद असल्याची नोंद

लेकीने बटण पुन्हा दाबलं. दिवा लागला नाही.

"मेलं हे!" ती करवादली आणि खुर्ची मागे सारून उठली.

खिडकीजवळून म्हातारा बघत होता. टेबलावर लिफ्टचं सर्किट, त्याला जोडलेलं एक बटण, एक दिवा आणि लेकीचा लॅपटॉप. बटण दाबलं आणि दिवा लागला, म्हणजे लिफ्ट आली असं समजायचं. तासन् तास सगळं सुरळीत चालायचं आणि मधेच लिफ्ट रुसून बसायची. तिचा कर्नल, म्हणजे यंत्राचा मूळ कारभार सांभाळणारा प्रोग्राम, तरुणपणी म्हाताऱ्यानेच लिहिलेला. आता लेक त्यातली अडगळ काढत होती.

"बाबा, काय करून ठेवलंय हो हे?" ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. "नाजूक काम चालू असलं की कर्नल इंटरप्ट, म्हणजे बाहेरून येणारे निरोप, बंद करतो. दार लावून घेतो, बाहेरच्यांनी थांबायचं. काम झालं की दार उघडायचं. इथवर ठीक. पण दार बंद की उघडं, याची निराळी नोंद कशाला?"

कशाला म्हणजे? दरवेळी चिपला विचारत बसायला तेव्हा वेळ कुणाला होता! म्हातारा मनातल्या मनात तडकला. तोंडातून मात्र चकार शब्द निघाला नाही.

एकेकाळी हा माणूस नाकावर माशी बसू देत नसे. रागावला की आठवडा आठवडा अबोला धरायचा, पोरं टरकून असायची. आज खरीखुरी माशी नाकावर येऊन बसली, आणि तीही तिथे निवांत पाय चोळत राहिली.

थोरला मुलगा बॅग घेऊन आत आला. "उद्या सकाळी गाडी येतेय. कपडे भरलेस त्यांचे?"

"भरते."

"भरते काय, भर. संस्था चांगली आहे, बाग आहे. तू एकटी किती ओढणार?"

"एकदा त्यांना विचारायला हवं होतं रे दादा."

"विचारा की! त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं परवडलं."

म्हाताऱ्याला ही खोली सोडायची नव्हती. बाग गेली खड्ड्यात! लेकीची बडबड कानावर पडावी, एवढंच त्याला हवं होतं. ते पोराला ठणकावून सांगावं असं फार वाटलं. मुलगा त्याच्याकडे न बघताच कपाट उघडून सदरे काढू लागला.

लेक पुन्हा टेबलाशी बसली. बटण दाबलं. दिवा नाही.

अगं, नोंद काय वाचतेस? चिपला विचार! म्हातारा आतून ओरडला.

"थांब हं," ती पुटपुटली. "नोंद म्हणते, दार बंद. पण खरंच बंद आहे का?" तिने चार अक्षरं बडवली आणि टुणकन उठली. "दादा, दार उघडंच आहे! मी दाबलेलं सगळं आत पोचतंय. नोंद बंद म्हणते, म्हणून कर्नल येईल तो निरोप रांगेत टाकून गप्प बसलाय!"

"घ्या! काखेत कळसा आणि गावाला वळसा," दादा हसला.

"नाहीतर काय! एकदा नोंद झाली 'बंद', आणि पुढे सगळे तेच वाचत बसले. खुद्द चिपला कुणी विचारलंच..."

ती बोलता बोलता थांबली. सावकाश खिडकीकडे वळली.

"दादा, बाबांना काही कळत नाही, असं डॉक्टरांनी कधी सांगितलं?"

"पक्षाघाताचा झटका आला तेव्हाच. वर्ष होईल. का गं?"

"त्यानंतर कुणी विचारलं त्यांना?"

दादाच्या हातातला सदरा हातातच राहिला. लेक चाकांच्या खुर्चीशी आली. नाकावरची माशी तिने हाकलली, मान धरून ठेवणारा पट्टा जरा सैल केला आणि समोर गुडघे टेकून बसली.

"बाबा, ऐकू येत असेल तर डोळे मिटा. मी सांगेपर्यंत उघडू नका."

म्हाताऱ्याने डोळे मिटले.

'उघडा' म्हणायला लेकीला बराच वेळ लागला.