खुर्चीच्या वरचं कौल

"आता गळलं, तर आई माझ्याकडे राहायला येणार. ठरलं?" शिडी धरून उभा असलेला दादा खालून ओरडला.

"ठरलं," ती छपरावरून म्हणाली. "पण गळणार नाही. लिहून घे."

दोनदा दुरुस्त करूनही छप्पर गळलं होतं, आणि दोन्ही वेळा एकाच जागी, बाबांच्या खुर्चीच्या बरोबर वर. बाबांना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. बाहेरचा माणूस न बोलावता तिने स्वतःच कंबर कसली. हे काम तिला बाबांनीच शिकवलेलं.

या खेपेला तिने कसर ठेवली नाही. तिथली सगळी कौलं उतरवली. खालची एक लाकडी रीप कुजलेली निघाली. "सापडला चोर!" म्हणत तिने ती बदलली. खाचांतलं शेवाळ खरवडलं, प्रत्येक कौल बोटाने वाजवून पाहिलं आणि बद्द वाजलेलं बाजूला टाकलं. मग ओळीमागून ओळ चढवत नेली.

"तारेने बांधून टाक की एकदाची," दादा म्हणाला.

"बांधायचं नसतं रे. मोकळं असलं की सरकलेलं कौल आतून काठीने जागेवर आणता येतं. बाबा खुर्चीवर चढून तेच करायचे."

"आणि खुर्ची मी धरायचे," आई दारातून म्हणाली. "उतर गं ठमे आता. ऊन बघ केवढं."

"झालंच. आता तू खुशाल राहा इथे. हा तुला सातव्या मजल्यावरच्या खुराड्यात कोंडणार होता."

"खुराडं म्हणे! लिफ्ट आहे, समोर बाग आहे," दादा म्हणाला. "आणि तिला कधी विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? बाबांची खुर्ची सोडून ती कुठे जाणार? हो ना गं आई?"

"तू एवढी उन्हात राबतेस, मी आणखी काय बोलू?" आई म्हणाली. मग दादाकडे वळून तिने विचारलं, "बागेत बाकं आहेत का रे?"

ती खाली उतरल्यावर दादाने शिडीवर चढून छपरावर पाइपाने पाणी सोडलं. ती आत जाऊन बाबांच्या खुर्चीत बसली, मान वर करून. कौलांवर पाणी ताडताड वाजत होतं. आत टिपूस नाही. पलंगाजवळ आईची बॅग गच्च भरलेली होती.

"कपडे भिजतात, म्हणून भरून ठेवलेत," आई म्हणाली.

"आता काढून कपाटात लाव," ती हसली. कित्येक महिन्यांनी तिला मोकळं वाटत होतं.

दादा खाली उतरला. "मानलं बाई तुला. पण चहा झाला की पुन्हा एकदा पाणी मारणार. मग मी हरलो."

"खुशाल मार!"

"तुम्ही दोघं मागच्या पायरीवर बसा," आई म्हणाली. "केवढी धूळ पडलीय, मी तेवढी झाडून घेते."

चहा निवत चालला, तरी आई येईना. ती हाक मारायला उठली. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. तिने ते ढकललं.

आई बाबांच्या खुर्चीवर चढून उभी होती, आणि जळमटांच्या काठीने नुकतंच बसवलेलं कौल बेताबेताने वर सरकवत होती.