जुन्या गीझरची साक्ष

"गीझर बदलायचा की नाही, ते आज ठरवूनच टाका," वासंतीबाई म्हणाल्या. "याच्याखाली रोज बादली लावून कंटाळले मी."

त्यांचे यजमान दिगंबर खांबेटे धास्तावले होते. जुना गीझर उतरवण्याआधी तो घरच्यांच्या सवयी नव्या गीझरला मोठ्याने सांगतो, हे मेकॅनिक तांबोळींनी नुकतंच सांगितलं होतं. आणि खांबेटे तर तीस वर्षं अख्ख्या सोसायटीला ऐकवत आले होते, की आपण बारा महिने गार पाण्यानेच आंघोळ करतो.

"चालेल की हा अजून चार वर्षं," ते पुटपुटले. पण तांबोळींनी नवा गीझर शेजारी ठेवून जुन्याचं बटण दाबलंही होतं.

"बाईंना सात वाजता, कोमट," जुना गीझर खरखरला. मग जरा थांबला. "साहेबांना गार. एकदम गार."

खांबेट्यांचे डोळे भरून आले.

"नोंद झाली," नवा गीझर म्हणाला. "साहेबांना कायम गार."

दुसऱ्या दिवशी डिसेंबरच्या थंडीत खांबेट्यांचं "हर हर गंगे" तीन मजले खाली ऐकू गेलं. तीस वर्षं न बोलता आरशावरची वाफ पुसत आलेल्या वासंतीबाईंनी हसत हसत गॅसवर पाण्याचं पातेलं चढवलं.