फॉइलवरची सुरकुती

मारझानने निळ्या पाण्यातून गोळ्यांच्या दहा पट्ट्या काढल्या, नळाखाली धुतल्या आणि फॉइल फोडून एकेक गोळी पांढऱ्या कागदावर टाकायला लागली. सहाव्या पट्टीतली चौथी गोळी निळी निघाली.

तिने ती चिमटीत धरून खिडकीशी नेली. उगाच. निळी ती निळीच होती. फॉइल नीट चिकटलं असतं तर पाण्याचा थेंब आत गेला नसता, आणि जिथे पाणी जातं तिथे दमट हवाही जाते. गोळ्या मिरगीच्या होत्या. ओल लागली की त्यांचा चिखल होतो, आणि मग कुठल्यातरी शाळेच्या जिन्यात कुणाचं तरी पोर फिट येऊन कोसळतं. तरीही ती गोळी गिळून टाकावी, असं मारझानला क्षणभर वाटून गेलं.

"किती?" रिम्मा पाव्हलोव्हनाने मान वर न करता विचारलं. कझाकस्तानात श्यमकेंटच्या या औषध कारखान्यात ती तीस वर्षं तपासणी खातं सांभाळत होती. कागदावर गोळ्या पडायचा आवाज थांबला की तिला कळायचं.

"एक."

"एक म्हणजे सगळ्या. काढ लाल कागद."

मारझानने नापास मालाच्या लाल कागदावर औषधाचं नाव लिहिलं, बॅचचा नंबर लिहिला, यंत्र नंबर तीन लिहिलं. 'यंत्र चालवणाऱ्याचं नाव' या ओळीशी मात्र तिचा हात अडला. तीन नंबरवर तिचे सासरे होते.

"मला नाही लिहिता येणार, रिम्मा पाव्हलोव्हना. तुम्हाला माहितेय."

"सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं, एवढं माहितेय. तुझ्यासारख्या पाच कझाख सुना माझ्या हाताखालून गेल्या."

"लिहायचंही नसतं."

"मग काय लिहिणार, 'आमचे अता'? वरचे साहेब विचारतील, कुणाचे?"

मारझानला हसू आलं नाही. लग्नाला अडीच वर्षं झाली होती. सासऱ्यांना ती अता म्हणायची आणि त्यांचं खरं नाव तिने एकदाही उच्चारलं नव्हतं. पण तिला टोचत होतं ते वेगळंच.

हिवाळ्यापासून अता जेवणासाठी अंथरलेल्या चादरीवरून बोटं सरकवत चहाचा पेला शोधायचे. मारझानने ते पाहिलं होतं. सासऱ्याचे डोळे गेले असं सुनेने कसं म्हणायचं? म्हणून ती काही न बोलता पेला थेट त्यांच्या तळहातावर ठेवायला लागली. सून गुणाची, असं सासूबाई शेजारणींना सांगत सुटल्या. पेन्शनला एकोणीस दिवस उरले होते, तेवढे कसेबसे निघतील असं घरातले सगळेच मनातल्या मनात धरून चालले होते. यंत्रावर फॉइलला सुरकुती पडली तर ती डोळ्यांनीच टिपावी लागते, हे मारझानला कळत नव्हतं थोडंच? तिला स्वतःची शरम वाटली.

रिम्माने फोन करून तीन नंबर थांबवलं. थोड्या वेळाने अता आले. डोक्यावरची पांढरी टोपी काढून दारातच उभे राहिले. मारझानने नेहमीसारखा वाकून सलाम केला. त्यांनी सहावी पट्टी मागून घेतली आणि फॉइलवरून अंगठा फिरवला.

"सुरकुती आहे. केसाएवढी आहे."

"मग यंत्रावर नाही दिसली?" रिम्माने विचारलं.

"आत्ता हाताला लागली. चालत्या यंत्रात हात कसा घालणार?"

रिम्माने चष्मा काढून पुसला, आणि कपाटाकडे बघत म्हणाली, "दुसऱ्या दहा पट्ट्या बुडवून बघता येतील. नियमात बसत नाही. पण एकोणीस दिवसांसाठी माणसाला चौकशीला उभं करायचं म्हणजे..."

अता टोपी हातात फिरवत राहिले.

"नको," मारझान म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. "त्या दहांत नसली तरी बाकीच्यांत असेल. सकाळपासूनच्या सगळ्यांत असेल. अता, तुम्हाला दिसत नाही."

रिम्माचा हात चष्म्यावर तसाच राहिला. अतांनी सुनेकडे तोंड वळवलं, पण नजर तिच्या खांद्याजवळ कुठेतरी लागली.

"कागद भरलास?"

"भरला. नाव राहिलंय."

"का?"

"कसं लिहू मी, अता?"

अता हसले. मोकळेपणाने हसले. "डोळे गेले म्हणून तोंडावर सांगितलंस, आणि नावाला अडलीस होय गं पोरी? आण इकडे पेन."

ते टेबलावर इतके वाकले की नाक कागदाला टेकायचं तेवढं बाकी राहिलं. पेन टेकलं ते तारखेच्या रकान्यात. मारझानने आपलं बोट ओळीच्या सुरुवातीला ठेवलं. रोजच्या त्या पाण्याने तिच्या बोटांची टोकं निळी झालेली असायची.

"इथे, अता."

त्यांनी तिच्या बोटाला पेन लावलं आणि तिथून एकेक अक्षर सावकाश काढत पूर्ण नाव लिहिलं. तिने बोट उचललं तेव्हा नावाच्या अलीकडे निळा ठसा राहिला होता.

"नीट आलं का गं ओळीत?"

मारझानने कागद पाहिला.

"नाही, अता," ती म्हणाली. "वर चढलंय."