छपरातून आलेली लेक

टायबर नदी पोहून क्लोएलिया घरी पोचली, तेव्हा आईने आतून दार लावून घेतलं.

शत्रूने तिच्यासोबत ओलीस ठेवलेल्या सगळ्या पोरींना ती बाणांच्या माऱ्यातून रोमला घेऊन आली होती. काठावर लोक तिच्या नावाचा जयजयकार करत होते. घरी मात्र आठ दिवसांपूर्वीच बातमी आली होती, की ती पळताना नदीत बुडाली.

"आई, अगं मी आहे!"

"असशील बाई. पण जिचे दिवस घातले, तिने उंबरा ओलांडायचा नसतो. छपरावरून ये."

शेजारीण विबिया हसली. "बाणांना भ्याली नाहीस, आता छपराला भितेस होय गं?"

क्लोएलिया छपरावर चढली आणि धुराड्यातून, आईने चुलीशेजारी लावलेल्या शिडीने आत उतरली. आईने शिडी काढून भिंतीला टेकवली. लापशीचा वाडगा जमिनीवरून तिच्याकडे सरकवला, पण जवळ घेतलं नाही. भर नदीतही क्लोएलियाला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

"आई, एकदा हात तरी लाव."

तोच चुलीत पाण्याचा थेंब पडून चर्र झालं. मग दुसरा पडला. धुराड्यातून दिसणारं आभाळ लख्ख होतं.

छपरावर अनवाणी पावलं वाजली आणि धुराड्याशी येऊन थांबली.

"आई," वरून क्लोएलियाच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "शिडी लाव ना गं. गारठलेय मी."

क्लोएलियाने आपल्या केसांना हात लावला. नदीतून थेट घरी आली होती, तरी ते कोरडे ठणठणीत होते.

आई उठली, आणि तिच्याकडे न बघता तिने शिडी उचलली.