पाच नंबरचा ससा

केसरने चौथं डालगं उचललं. खाली ससा नव्हता. वाळूत हातभर बोगदा तेवढा होता.

आधीच्या तिन्ही डालग्यांखालीही तीच गत. पिंजरे धुवायचे म्हणून तिने सशांना अंगणात ठेवून वर डालगी पालथी घातली होती. तिच्या सासूने कोंबड्या अशाच झाकल्या, सासूच्या सासूनेही अशाच. पण कोंबडी उकरते किड्यासाठी आणि ससा उकरतो पळून जायला, हे थळच्या कोळीवाड्यात कुणाला ठाऊक असणार?

"डाक्टर!" तिने हाक मारली. हाक कसली, हंबरडाच तो.

डॉक्टर टिपणीस मागच्या पडवीतून धावत आले. ही पडवी म्हणजेच त्यांची प्रयोगशाळा. गाव तिला सशांचा दवाखाना म्हणे. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कुर्चेची गुळगुळीत गादी असते, ती एकदा झिजली की भरून येत नाही, असं पुस्तकं सांगत. डॉक्टरांना ते पटत नव्हतं. त्यांनी सहा सशांच्या उजव्या गुडघ्यातली गादी थोडी खरवडली. तिघांना त्यांच्याच कानातल्या कुर्चेचं ठिगळ लावलं, तिघांना तसंच ठेवलं. ठिगळ लावलेले दोघे सत्तावन्नच्या पावसाळ्यात हगवणीने गेले. ठिगळवाल्यांत उरला एकटा पाच नंबर.

सोमवारी मुंबईचे मोठे डॉक्टर लाँचने मांडव्याला उतरणार होते. ठिगळाने काही साधलेलं दिसलं तर काम पुढे चालायचं, नाही तर पडवीला कुलूप. आणि दिसणार तरी कसं? एवढ्याशा पिंजऱ्यात सगळे ससे सारखेच बसून असत.

सशांची निगा केसरकडेच, तिला हे सगळं माहीत होतं. उकिडवं बसून मासळी वाळवण्यात तिचे स्वतःचे गुडघे कामातून गेले होते. म्हणून तर पाला घालताना ती पाच नंबरला मूठभर जास्त घालायची. आता सगळ्यावर तिनेच पाणी फिरवलं होतं.

बिनठिगळाचे तीन ससे लगेच सापडले. एक विहिरीपाशी, दोन लाकडांच्या मोळीमागे. उजवा पाय उचलून खुरडत होते बिचारे, दूर जाणार कुठे?

"त्यो बगा, केतकीखाली!"

केसर गुडघे विसरून धावली. तिने डालगं टाकलं, ससा निसटला. डॉक्टर डावीकडून गेले, तो उजवीकडून सुटला. दोघांनी मिळून कोपऱ्यात गाठला, तर पायांमधून गेला. डॉक्टरांचा चष्मा माडाच्या आळ्यात पडला, केसरच्या पदराला काटे लागले.

"धरा, डाक्टर! माज्यानं सगळं बुडलं ओ!" ती रडकुंडीला आली.

डॉक्टर मात्र एकाएकी थांबले. चष्मा पुसून त्यांनी डोळ्यांवर चढवला.

"केसर, धरू नको. हुसकव त्याला."

"हुसकवू?"

"हुसकव म्हणतो ना!"

तिने टाळी वाजवली. ससा मागच्या पायांवर उसळला आणि बागेचा पाट ओलांडून पलीकडे गेला.

डॉक्टर मटकन खाली बसले. केसरला वाटलं, घेरीच आली. पण ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दोन्ही पाय गं, केसर. दोन्ही पायांवर सारखा जोर देतोय."

केसरला ते उमजायला एक क्षण लागला. मग सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला. गुडघ्यांवर हात टेकत, कडकड वाजवत तीही शेजारी बसली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"सगळं खरं," डॉक्टर म्हणाले, "पण सोमवारी मोठ्या डॉक्टरांना दाखवू काय? हा तर हाताला लागत नाही."

पाटापलीकडे पाच नंबर केसरच्याच माठाच्या वाफ्यात बसून ताव मारत होता. केसरने त्याच्याकडे बघितलं.

"आदी ते तीन सोडा त्यांच्या म्होरं आन् म्हनावं, धरा," ती म्हणाली. "मंग म्हनावं, आता ह्याला धरून दाखवा."