अंतरपाट पुन्हा वर

अंतरपाट दुसऱ्यांदा खाली आला आणि दुसऱ्यांदा आपोआप वर गेला. दंडातल्या चिपमुळे प्रत्येकाला सगळं जग एक मिनिट मागे नेता येई. आयुष्यात एकदाच, कुणाचा तरी जीव वाचवायला. घडलेलं मात्र सगळ्यांच्या लक्षात राही.

"कोण आहे ते?" गुरुजी खेकसले.

"मघाशी नवरीच्या मामांनी मागे नेलं. आता मी," वराची आत्या म्हणाली. "फोटोत माझे डोळे मिटले होते."

पण पलीकडे नवरदेव शार्दूलला घाम फुटला होता. "ऋता, खरं सांग, तुझा विचार बदललाय का?"

"बावळटा, मी माझं मिनिट वापरलेलंच नाही!"

अंतरपाट खाली आला. ऋताला समोर बघून शार्दूल भर मांडवात हमसून हमसून रडला. गळ्यात हार पडले, ताशे वाजले.

अंतरपाट वर गेला.

"आता कोण?"

ऋताने हात वर केला.

"अगं, ते जीव वाचवायला राखायचं असतं!"

"मग तुम्ही तुमचं राखा, गुरुजी. मला त्याचा तो चेहरा परत बघायचाय."