दीड वाजता अडकणारा सर्व्हर

दीड वाजता सर्व्हरने पुन्हा मान टाकली. कामाचा सलग अकरावा दिवस.

"बाप, आता काय करायचं?" साहेबांनी विचारलं.

ऑफिसात सगळे त्याला बाप म्हणायचे. सर्व्हरवर चालणारी लायब्ररी, म्हणजे फायलींवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम, त्यानेच लिहिली होती, आठ वर्षांपूर्वी, एकट्याने. काम साधं होतं. कोणत्या फोल्डरवर नजर ठेवायची ते आपल्या मशीनवरून सांगायचं. तिथली फाइल बदलली की सर्व्हर लगेच कळवायचा आणि 'मिळालं' असं उत्तर येईपर्यंत थांबायचा. आठ वर्षं सगळं सुरळीत. त्याने आपल्या मशीनलाही 'बाप' हेच नाव दिलं होतं.

"चार तारखेला, सोमवारी सुरू झालंय हे," तो म्हणाला. "त्या दिवशी काय बदललं ते बघा."

त्या दिवशी ती रुजू झाली होती. सगळे तिला 'नवी' म्हणायचे. तिच्या फोल्डरचं नावही 'नवी' असंच पडलं होतं.

साहेबांनी जाहीर केलं होतं, हा घोळ जो निस्तरेल त्याच्याकडे लायब्ररी जाईल. बोलताना ते बघत होते नवीकडे. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आपलं पोर कुणी कडेवर घ्यावं आणि पोरानेही खुशाल जावं, तसं झालं त्याला.

तिचं सगळं त्याला पाठ होतं. नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिली फाइल. दुपारी सगळे जेवायला गेले तरी ही टेबलावरच खात खात एका हाताने टाइप करायची. गेल्या मंगळवारी तिने एकच ओळ सात वेळा बदलली होती. ते कळलं आणि त्याला दिवसभर बरं वाटलं.

"त्या मुलीशिवाय दुसरा विषय नाही का हो तुम्हाला?" घरी बायको म्हणाली. तो चार घास कमीच जेवला.

बुधवारी नवीने टेबलाटेबलावर जाऊन काहीतरी विचारत नोंदी केल्या. शेवटी त्याच्याकडे आली.

"सर, जेवायला जाताना लॅपटॉप बंद करता, की नुसता मिटता?"

"तू शाळेत होतीस तेव्हापासून मिटतोय मी," तो म्हणाला.

ती हसली आणि तेही वहीत लिहून घेतलं. तेवढंही त्याला झोंबलं.

गुरुवारी सव्वा वाजता तिने 'उपाय' नावाची फाइल सेव्ह केली आणि पाणी आणायला गेली. सर्व्हरवर सगळ्यांचे फोल्डर सगळ्यांना उघडे असत. ती परत येईपर्यंत फाइलची प्रत त्याच्याकडे होती. वरवर पाहिलं: जे मशीन उत्तर देत नाही ते शोधायचं, त्याची जोडणी तोडायची, नोंद ठेवायची. पोरीला अक्कल होती, हे कबूल करावं लागलं, आणि म्हणूनच जास्त चीड आली. वाचत बसायला वेळ कुणाला होता! वर स्वतःचं नाव घातलं, साहेबांना पाठवलं, लॅपटॉप मिटला आणि तो जेवायला गेला. कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

दीडला सर्व्हर अडकला. दोनला साहेबांनी सगळ्यांना जेवणावरून थेट मीटिंगला बोलावलं आणि बापाचा उपाय स्वतःच्या मशीनवरून भिंतीवरच्या पडद्यावर लावला. नवी दारापाशी उभी होती. तिने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. बघ म्हणावं, त्याला वाटलं, बघ आणि शीक.

साहेबांनी बटण दाबलं. सर्व्हर क्षणात जागा झाला. टाळ्या पडल्या.

"बाप तो बापच," साहेब म्हणाले. "लायब्ररी तुमचीच. कुणाच्या मशीनमुळे व्हायचं हे, तेही कळेल ना?"

"कळणारच. मी मुद्दाम नोंद ठेवायची सोय केलीय," तो ऐटीत म्हणाला. "उघडा की, सगळ्यांनाच दिसू दे."

साहेबांनी नोंद उघडली. पडद्यावर एकच ओळ आली.

नजर ठेवणारं मशीन: बाप. फोल्डर: नवी. केव्हापासून: सोमवार, चार तारीख.